वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचे रिटर्न, गोव्यातले टेबल आणि अठरा तासांचा हिशेब

या सदराकडे एरवी येणारी पत्रे जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यापासून घरपट्टीपर्यंतच्या विषयांची असतात. ऑक्टोबरच्या अंकात मात्र एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना, अमेरिकेची करविवरणपत्रे गोव्यात बसून तयार करणाऱ्यांना दरवर्षी तेथील संघीय करकायद्याचे शिक्षण घ्यावे लागते, असे एक वाक्य मी ओघात लिहिले होते. त्या एका वाक्यावर पर्वरी, मडगाव, फोंडा, म्हापसा आणि डिचोली येथून पत्रे आली, आणि ते वाक्य अर्धवट होते हे पत्रे वाचताना माझ्याही लक्षात आले. मी स्वतः एनरोल्ड एजंट, म्हणजे अमेरिकेच्या करखात्यापुढे करदात्याचे प्रतिनिधित्व करण्याची मान्यता असलेला व्यावसायिक, म्हणून हे काम करतो आणि दरवर्षी हे तास भरतो. म्हणून या अंकाचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी चार वर्षे पर्वरीतील एका कार्यालयात नोकरी करतो. अमेरिकेतील एका सीपीए, म्हणजे तेथील सनदी लेखापालाच्या, कार्यालयासाठी आम्ही तेथील वैयक्तिक प्राप्तिकराची रिटर्न तयार करून पाठवतो. सही अमेरिकेतील साहेब करतात. ३१ डिसेंबरपूर्वी अठरा तासांचे शिक्षण पूर्ण केले नाही तर पुढच्या हंगामात काम मिळणार नाही, असे यंदा वरिष्ठांनी सांगितले आहे. हा अमेरिकेचा कायदा आहे की आमच्या कार्यालयाचा नियम?

उत्तर : हा आपल्या कार्यालयाचा नियम आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे, मोबदला घेऊन रिटर्न तयार करणाऱ्यावर सक्ती आहे ती पीटीआयएन या क्रमांकाची. ‘पी’ हे अक्षर आणि त्यापुढे आठ अंक असा हा क्रमांक असतो, त्याची मुदत दर ३१ डिसेंबरला संपते आणि नूतनीकरण ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू होते. हा क्रमांक टिकवण्यासाठी शिक्षणाची अट नाही.

अट नाही यामागे एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे पुढच्या सगळ्या नियमांचा उलगडा होतो. अमेरिकेचे करखाते, म्हणजे आयआरएस, हिने २०११ मध्ये नियम केला की सीपीए, वकील किंवा एनरोल्ड एजंट नसलेल्या रिटर्न तयार करणाऱ्यांनीही परीक्षा द्यावी आणि दरवर्षी पंधरा तास शिक्षण घ्यावे. तीन स्वतंत्र व्यावसायिक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ‘लव्हिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात २०१३ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. खात्याने ज्या कायद्याचा आधार घेतला होता तो १८८४ चा होता. यादवी युद्धात गमावलेल्या घोड्यांच्या भरपाईचे दावे सरकारपुढे मांडणाऱ्या प्रतिनिधींना शिस्त लावण्यासाठी तो झाला होता. रिटर्न भरून देणे म्हणजे खात्यापुढे कोणाचे ‘प्रतिनिधित्व’ करणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. हे निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

सक्ती गेल्यावर खात्याने त्याच वर्षी ऐच्छिक योजना आणली. तिचे नाव ‘अ‍ॅन्युअल फायलिंग सीझन प्रोग्राम’. आपल्या वरिष्ठांचे अठरा तास येथून आलेले आहेत. त्यातले सहा तास वार्षिक उजळणीच्या अभ्यासक्रमाचे, म्हणजे ‘रिफ्रेशर’चे असतात आणि त्याच्या शेवटी शंभर प्रश्नांची, तीन तासांची परीक्षा असते, उत्तीर्ण होण्यास सत्तर टक्के लागतात. दहा तास संघीय करकायद्याचे आणि दोन तास व्यावसायिक नीतिनियमांचे. ज्यांनी मान्यताप्राप्त दुसरी परीक्षा आधी दिलेली आहे त्यांना रिफ्रेशरमधून सूट असते. त्याऐवजी करकायद्यातील ताज्या बदलांचे तीन तास घेऊन त्यांचे पंधरा तास होतात.

आता आपल्याला खरा उपयोग काय, ते सांगतो. हे तास पूर्ण करून, पीटीआयएनचे नूतनीकरण करून आणि सर्क्युलर २३०, म्हणजे खात्यापुढे व्यवसाय करणाऱ्यांसाठीची नियमावली, हिच्यातील ठरावीक कर्तव्ये मान्य असल्याची संमती देऊन ज्याला पूर्ततेची नोंद मिळते, त्याला खात्यापुढे ग्राहकाच्या वतीने बोलण्याचा मर्यादित अधिकार मिळतो. परंतु तो केवळ त्याने स्वतः तयार करून सही केलेल्या रिटर्नपुरता असतो, आणि अपील किंवा वसुलीच्या टप्प्यावर चालत नाही. आपण सही करत नाही. म्हणजे आपल्या बाबतीत या अधिकाराचे मोल जवळजवळ शून्य आहे आणि उरते ते केवळ ज्ञान. वरिष्ठांना ते हवे असेल तर त्यात गैर काही नाही. फक्त ‘कायद्याने बंधनकारक’ असे सांगून आपल्या खिशातून फी भरायला लावत असतील, तर हे उत्तर त्यांना दाखवावे.

पीटीआयएनविषयी आपण विचारलेले नाही, पण तेच आधी तपासा. जो मोबदला घेऊन संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण रिटर्न तयार करतो, त्याला सही दुसऱ्याची असली आणि तो अमेरिकेबाहेर बसलेला असला तरी हा क्रमांक लागतो. दिलेले आकडे संगणकात नुसते टाकणाऱ्याला तो लागत नाही. कोणते उत्पन्न कोठे दाखवायचे, कोणती वजावट बसते, हे आपण ठरवत असाल तर आपण पहिल्या वर्गात मोडता. सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे अमेरिकेतील व्यक्तिगत ओळखक्रमांक, नसलेल्या परदेशी अर्जदारासाठी फॉर्म ८९४६ हा पुरवणी अर्ज असतो.

प्रश्न : मी मडगाव येथे सनदी लेखापाल आहे. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे माझे तास दरवर्षी भरतातच. आंतरराष्ट्रीय कररचनेवरील व्याख्यानांचे तास अमेरिकेच्या खात्याकडे धरले जातात काय?

उत्तर : नाही. विषय अगदी अमेरिकेच्या कराचा असला तरी, ते वर्ग आयआरएसने मान्य केलेल्या पुरवठादाराने, खात्याचा क्रमांक मिळालेल्या कार्यक्रमाखाली घेतलेले असावे लागतात. उलट, अमेरिकेसाठी घेतलेले तास आपल्या संस्थेकडे धरले जातात काय, हे संस्थेलाच विचारावे.

प्रश्न : मी फोंड्याची आहे. मागील वर्षी ऑनलाइन चोवीस तासांचा संच विकत घेतला, सगळे वर्ग ऐकले, परीक्षाही दिल्या. वर्ष संपल्यावर पीटीआयएनच्या खात्यात पाहिले तर केवळ अकरा तास दिसत होते. बाकीचे तेरा कोठे गेले?

उत्तर : आपण पत्रासोबत प्रमाणपत्रांच्या प्रती पाठवल्या हे फार बरे केले, कारण त्यामुळे अंदाजावर बोलावे लागत नाही. त्या मी एकेक करून पाहिल्या.

चार तासांच्या प्रमाणपत्रावर विषय आहे कॅलिफोर्निया राज्याच्या कराचा. राज्याचा कर हा संघीय कर नव्हे, म्हणून ते तास धरले गेले नाहीत. कॅलिफोर्नियात व्यावसायिक म्हणून नोंदणी असलेल्यांना हेच तास उपयोगी पडतात, कारण त्या राज्याची स्वतःची वीस तासांची वार्षिक अट आहे आणि त्यातले पाच राज्यकराचे असतात. पुरवठादाराने संच त्या लोकांसाठी बांधला होता आणि आपण तो चुकून घेतला. तीन तास आहेत ‘करव्यवसायाची वाढ आणि ग्राहक जोडणे’ या विषयाचे. कार्यालय कसे चालवावे आणि ग्राहक कसे मिळवावे हे शिकणे उपयोगाचे असेल, पण तो कायदा नव्हे.

राहिलेले सहा तास अधिक त्रासदायक आहेत, कारण त्यात आपण काहीच चूक केलेली नाही. विषय योग्य आहे, पुरवठादार मान्यताप्राप्त आहे, कार्यक्रमाचा क्रमांकही आहे. फक्त नाव वेगळे आहे. पीटीआयएन आपण पासपोर्टवरील माहेरच्या आडनावाने घेतला आणि या पुरवठादाराकडे नोंदणी सासरच्या आडनावाने केली. तास खात्याकडे कळवतो तो पुरवठादार, आणि तो कळवतो नाव आणि पीटीआयएन यांच्या जोडीने. ही जोडी जुळली नाही तर तास अडकून पडतात. प्रमाणपत्र तुमच्याजवळ असते, पण पीटीआयएनच्या खात्यात तास दिसत नाहीत. पुरवठादाराला लिहून नाव दुरुस्त करून पुन्हा कळवायला सांगा. हे काम होते. मी इतरांच्या बाबतीत होताना पाहिले आहे. आणि यापुढे सगळीकडे एकच नाव वापरा, ज्या नावाने पीटीआयएन आहे तेच.

संच विकत घेण्यापूर्वी काय पाहावे, असेही आपण विचारले आहे. कार्यक्रमाचा क्रमांक पाहावा. त्यात आधी पुरवठादाराची पाच अक्षरांची खूण असते आणि त्यानंतर एक अक्षर येते. तेच वाचायला शिकावे. ‘टी’ म्हणजे संघीय करकायदा, ‘यू’ म्हणजे करकायद्यातील ताजे बदल, ‘ई’ म्हणजे नीतिनियम, आणि ‘ए’ म्हणजे परीक्षेसह असलेला तो सहा तासांचा रिफ्रेशर. अगदी शेवटचे अक्षर सांगते की वर्ग कसा घेतला जातो : ‘आय’ म्हणजे प्रत्यक्ष वर्ग, ‘ओ’ म्हणजे ऑनलाइन समूहवर्ग, ‘एस’ म्हणजे स्वतः अभ्यास. जाहिरातीत कितीही मोठा आकडा लिहिलेला असो, या अक्षरांप्रमाणे आपली बेरीज आपणच करावी. तास म्हणजे पन्नास मिनिटे, हेही लक्षात असू द्यावे. या एका बाबतीत खाते उदार आहे.

ऑनलाइन समूहवर्गाविषयी एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये दोन तासांचा एक थेट वर्ग होता, न्यूयॉर्कच्या वेळेने दुपारी दोन, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. पाऊस धो धो कोसळत होता. पाऊण तास झाला आणि वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण राउटर त्यावर जोडलेला नव्हता. मोबाइलवरून परत आत शिरेपर्यंत वीस-बावीस मिनिटे गेली आणि तेवढ्यात हजेरीसाठी मध्येच विचारले जाणारे दोन प्रश्न येऊन गेले. मला दोनपैकी एकच तास मिळाला. पुरवठादाराशी पत्रव्यवहार केला. त्याने नियम दाखवला आणि नियम त्याच्या बाजूचा होता. तेव्हापासून पावसाळ्यात मी थेट वर्ग घेत नाही. जून ते सप्टेंबर स्वतः अभ्यासाचे वर्ग आणि दिवाळीनंतर थेट वर्ग, असा क्रम ठेवला आहे, आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतला आहे. आयआरएस स्वतःही व्यावसायिकांसाठी विनामूल्य वेबिनार घेते. त्यांना थेट हजर राहिल्यास तासांचे प्रमाणपत्र मिळते. पैसे वाचवायचे असतील तर तेथून सुरुवात करावी.

प्रश्न : मी म्हापशाचा. तीनही भागांची परीक्षा देऊन मला सप्टेंबरमध्ये एनरोल्ड एजंट म्हणून नोंदणी मिळाली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणी म्हणतात पहिल्या वर्षी काही नाही, कोणी म्हणतात बहात्तर तास. शिवाय एकाने सांगितले की आपण अमेरिकेबाहेर राहत असल्यामुळे सूट मागता येते. खरे काय?

उत्तर : आधी अभिनंदन. वैयक्तिक कर, व्यवसायांचा कर आणि प्रतिनिधित्वाची कार्यपद्धती, असे तीन भाग गोव्यातून नोकरी सांभाळून पुरे करणे सोपे नाही.

आपल्यासाठी शिक्षण ऐच्छिक नाही, ती सक्ती आहे. पर्वरीच्या वाचकाला दिलेले उत्तर आपल्याला लागू नाही, कारण एनरोल्ड एजंट हा खात्यापुढे प्रतिनिधित्व करू शकतो आणि प्रतिनिधींवर नियम घालण्याचा खात्याचा अधिकार ‘लव्हिंग’ निकालानंतरही अबाधित आहे. तीन वर्षांच्या चक्रात बहात्तर तास, कोणत्याही एका वर्षात किमान सोळा, आणि त्यांपैकी दरवर्षी दोन तास नीतिनियमांचे, असा हिशेब आहे. बहात्तरला तिनाने भागले तर चोवीस येतात, सोळा नव्हे. दरवर्षी सोळाच घेत राहिलेला माणूस तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एकदम चाळीस तासांपुढे उभा राहतो. हा प्रकार मी दोन परिचितांच्या बाबतीत पाहिला आहे.

नवीन नोंदणी झालेल्याला चक्राच्या मधूनच उडी घ्यावी लागते, म्हणून नोंदणीच्या महिन्यापासून दरमहा दोन तास असा हिशेब धरतात. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, असे आपले चार महिने. म्हणजे या वर्षी आठ तास, त्यात दोन नीतिनियमांचे. ते दोन तास पहिल्याच वर्षी लागतात, हे पुष्कळ जण विसरतात. चक्र कोणते, ते सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून ठरते. आपल्याजवळ तो क्रमांक नसल्याने आपण सात, आठ आणि नऊ अंकवाल्यांच्या गटात आहात. नूतनीकरण फॉर्म ८५५४ वर होते. प्रमाणपत्रे नूतनीकरणानंतर चार वर्षे जपून ठेवावी लागतात. खात्याच्या संगणकात सगळे आहे, यावर विसंबू नये.

सूट मागण्याविषयी आपल्या मित्राने अर्धेच वाचले आहे. आजारपण, सैन्यसेवा, नोकरीनिमित्त अमेरिकेबाहेर दीर्घकाळ राहणे अशा कारणांनी सूट मागता येते, असे सर्क्युलर २३० मध्ये आहे खरे. परंतु परदेशात राहण्याच्या कारणाला पुढे एक शेपूट आहे. त्या काळात खात्यापुढे व्यवसाय करत नसाल तरच ती सूट. आपण तर म्हापशात बसून हाच व्यवसाय करणार आहात.

आणखी एक. पुढे आपण स्वतः वर्ग घेऊ लागलात तर मान्यताप्राप्त कार्यक्रमात शिकवण्याचे आणि त्याच्या तयारीचे मिळून वर्षाला सहा तासांपर्यंत श्रेय मिळू शकते. गोव्यात मराठीतून किंवा कोकणीतून हा विषय समजावून सांगणारे थोडे आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रश्न : तास भरायचेच आहेत तर कोणते विषय घ्यावेत? मी डिचोलीहून काम करतो. माझे ग्राहक म्हणजे मुख्यतः न्यूजर्सी आणि टेक्सासमधील गोमंतकीय कुटुंबे, शिकायला गेलेली मुले, आणि ग्रीन कार्ड घेऊन परत येऊन राहिलेले दोन-चार वृद्ध.

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला. बहुतेक जण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपे वर्ग निवडतात. मग ग्राहक टेबलासमोर बसल्यावर कळते की शेतीच्या घसाऱ्याचे चार तास ऐकले होते आणि समोरच्याचा प्रश्न म्युच्युअल फंडाचा आहे. आपण आपल्या फायली काढून बसा आणि मागच्या हंगामात ज्या ठिकाणी आपली लेखणी अडखळली त्या जागांची नोंद करा. आपल्या ग्राहकांवरून मला दिसते ते असे.

यंदा पहिले तास कायद्यातील बदलांना द्यावेत. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या करकायद्याने वैयक्तिक रिटर्नचे रूप बरेच बदलले आहे. एकट्या करदात्याची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) २०२५ साठी १५,७५० डॉलर आणि पती-पत्नीच्या संयुक्त रिटर्नला ३१,५०० डॉलर झाली. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांना ६,००० डॉलरची नवी वजावट आली. ती २०२५ ते २०२८ या चारच वर्षांसाठी आहे आणि उत्पन्न वाढत जाते तशी घटत जाते. टिप्स, ओव्हरटाइम आणि मोटारीच्या कर्जावरील व्याज यांच्या वजावटी त्याच चार वर्षांच्या आहेत आणि प्रत्येकीला वेगळ्या अटी आहेत. ओव्हरटाइमची वजावट म्हणजे सगळा ओव्हरटाइम करमुक्त, असा समज वर्तमानपत्रांनी पसरवला आहे. प्रत्यक्षात ती दीडपट दरातील, नेहमीच्या दरावर मिळणाऱ्या जादा अर्ध्या पटीपुरती आहे आणि तिला १२,५०० डॉलरची, संयुक्त रिटर्नला २५,००० डॉलरची मर्यादा आहे. ग्राहक हमखास विचारतील अशी आणखी एक गोष्ट म्हणजे अमेरिकेतून बाहेर पाठवलेल्या पैशावरचा एक टक्का कर. तो १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर चेक देऊन पैसे पाठवले तर लागतो, बँक खात्यातून पाठवले तर लागत नाही. तो रिटर्नमध्ये भरायचा नसतो, पण घरी पैसे पाठवणारा मुलगा आपल्यालाच विचारणार.

विद्यार्थ्यांसाठी दोन देशांतील करविषयक करारांचा विषय घ्या. परदेशी विद्यार्थी अनिवासी म्हणून फॉर्म १०४०-एनआर भरतो आणि त्याला प्रमाणित वजावट मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम. भारत-अमेरिका कराराच्या कलम २१ मधील दुसऱ्या परिच्छेदामुळे भारतीय विद्यार्थ्याला ती मिळते. सर्वसामान्य अमेरिकी वर्गात हे वाक्य कोणी उच्चारतही नाही, कारण तो अपवाद फक्त आपल्या मुलांचा आहे. हजारभर डॉलरांहून अधिक परतावा या एका परिच्छेदावर अडलेला मी पाहिला आहे.

ग्रीन कार्डवाल्या वृद्धांसाठी परदेशी खात्यांचा विषय अटळ आहे. ग्रीन कार्ड खिशात असेतो अमेरिकेच्या दृष्टीने तो माणूस सर्वसाधारणपणे तेथील रहिवासीच, मग तो वर्षभर इथे साखळी गावातल्या घरात झोपाळ्यावर बसलेला का असेना. त्याच्या इथल्या बँकखात्यांची एकत्र शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली की परदेशी खात्यांचा अहवाल द्यावा लागतो. इथले म्युच्युअल फंड तेथे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपन्या ठरतात आणि त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१ चे डोकेदुखीचे गणित असते. यासाठी चार तासांचा वेगळा वर्ग घेतलात तर तो वाया जाणार नाही.

आणि आता ती गोष्ट, जी कोणत्याही वर्गात मिळणार नाही. गेल्या हंगामात माझ्याकडे एक प्रकरण आले. नवरा ग्रीन कार्डवाला, बायको कधीही अमेरिकेला न गेलेली, आणि डिचोली तालुक्यात दोघांचे एक दुकान भाड्याने दिलेले. भारतातील रिटर्नमध्ये भाडे अर्धे अर्धे दाखवलेले, कारण गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीत संपत्तीची सामायिकी असते आणि तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५अ ने पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत समान वाटले जाते. अमेरिकेतल्या आधीच्या सल्लागाराने मात्र सगळे भाडे नवऱ्याच्या माथी मारले होते. दोघे संयुक्त रिटर्न भरत असते तर वाटणीने बेरजेत फरक पडला नसता. परंतु बायको अनिवासी परदेशी आणि नवरा स्वतंत्र रिटर्न भरणारा, म्हणून प्रश्न खरा होता. अमेरिकेच्या करसंहितेत अशा जोडप्यांसाठी कलम ८७९ आहे. कमाईचे उत्पन्न कमावणाऱ्याचे, धंद्याचे उत्पन्न धंदा चालवणाऱ्याचे, वैयक्तिक मालमत्तेचे उत्पन्न तिच्या मालकाचे, आणि उरलेले सामायिक उत्पन्न लागू असलेल्या सामायिकीच्या कायद्याप्रमाणे, अशी वाटणी ते सांगते. पण त्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचायचे तर आधी विवाहनोंदणी आणि संपत्तीचा करार पाहावा लागतो, कारण सामायिकी हा नुसता मूळ नियम आहे, करार करून वेगळी व्यवस्थाही ठरवता येते. मी म्हापशाहून विवाहाचा दाखला मागवला. करार नव्हता. मगच अर्धे भाडे दाखवले आणि ते का दाखवले याचे टिपण फायलीत ठेवले.

कॅलिफोर्निया, टेक्सास यांसारख्या सामायिकीच्या राज्यांवर जे वर्ग असतात, ते गोव्याच्या माणसाने अवश्य घ्यावेत. विषय परका वाटतो, पण अर्ध्या तासात घरच्यासारखा वाटू लागतो. टेक्सासमधील ग्राहकांसाठी तो आपल्याला लागणारच आहे.

प्रश्न : नीतिनियमांचे दोन तास म्हणजे निव्वळ वेळ घालवणे आहे, असे माझे मत झाले आहे. दरवर्षी तेच ते. आपले मत काय? — पर्वरीतील आणखी एक वाचक

उत्तर : पुष्कळ वर्ग कंटाळवाणे असतात, हे मान्य. पण गोव्यातील कार्यालयांना सर्वांत जवळून लागू पडणारा नियम याच दोन तासांत असतो. करदात्याची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला देणे हा अमेरिकेच्या करसंहितेच्या कलम ७२१६ खाली गुन्हा आहे, आणि अमेरिकेबाहेर काम पाठवताना घ्यायच्या संमतीचे शब्दसुद्धा ठरवून दिलेले आहेत. त्यात वैयक्तिक करदात्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक बाहेरच्या देशातील माणसाला द्यायचा तर आणखी कडक अटी आहेत. माहितीच्या सुरक्षेची पुरेशी व्यवस्था आणि त्यासाठी वेगळी संमती हवी. म्हणूनच नीट चालणाऱ्या कार्यालयात फाइल पर्वरीला पोचते तेव्हा तो क्रमांक झाकलेला असतो. आपल्याकडे तो उघडा येत असेल, आणि त्यावर दुपारच्या चहाच्या वेळी कोणी स्क्रीनचा फोटो मित्राला शंका विचारायला पाठवत असेल, तर आपल्याला या दोन तासांची गरज इतरांपेक्षा जास्त आहे.

मुले, शिक्षण, कुटुंबप्रमुखाचा दर्जा यांच्या सवलती मागताना भरावा लागणारा फॉर्म ८८६७ हाही याच भागात येतो. प्रश्न विचारले नाहीत, उत्तरे टिपून ठेवली नाहीत, तर दंड तयार करणाऱ्याला होतो, ग्राहकाला नव्हे.

प्रश्न : ऐच्छिक कार्यक्रम पूर्ण केला आहे. कार्यालयाच्या पाटीवर ‘आयआरएस प्रमाणित’ असे लिहू काय? — म्हापसा

उत्तर : लिहू नका. त्या कार्यक्रमातील व्यक्तीने स्वतःला प्रमाणित, परवानाधारक किंवा नोंदणीकृत म्हणवून घेणे मना आहे. कार्यक्रमाचे नाव आणि वर्ष घालून पूर्ततेची नोंद मिळाल्याचे लिहिता येईल. आयआरएसची ती गरुडाची खूण पाटीवर रंगवून घेतली असेल, तर तीही पुसून टाका.

प्रश्न : रिफ्रेशरची परीक्षा ३१ डिसेंबरच्या रात्री दिली तर चालते काय? दिवसभर वेळ मिळत नाही. — कळंगुट

उत्तर : ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत उत्तीर्ण झालात तर चालते. पण कळंगुटला त्या रात्री दहानंतर ना नेट धड चालते, ना कान. तीन तासांची परीक्षा आहे. २८ तारखेच्या आत देऊन मोकळे व्हा, किंवा त्या दिवशी डिचोलीला एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन बसा.